बियांपासून ब्रुगमॅन्सिया: पेरणी ते पहिला बहर

उटी किंवा कोडाईकनालला ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला वीतभराहून लांब पांढरी फुले खाली लोंबणारी झुडपे दिसतात, ती ब्रुगमॅन्सियाची. नर्सरीत हे झाड बहुतेक वेळा एंजल्स ट्रंपेट या नावाने मिळते. मूळचे ते दक्षिण अमेरिकेचे, अँडीज पर्वतातले आणि आग्नेय ब्राझीलमधले. याच्या ७ जाती मानल्या जातात आणि त्यांतली एकही आज मूळ रानात उरलेली नाही. माणसांनी बागेत लावून जपल्या म्हणूनच त्या टिकल्या.

फांदी लावून हे झाड सहज येते, तरी बियांपासून करण्यात वेगळी मजा आहे. संकरित झाडाच्या बीतून आलेले प्रत्येक रोप आईपेक्षा वेगळे निघते. रंग, पाकळीच्या टोकाचे वळण, फुलाची लांबी, सुवास, सगळेच बदलू शकते. मात्र याची किंमत वेळात मोजावी लागते. चांगली निगा राखली तर पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण १ ते २ वर्षे, कधी ३ सुद्धा. या काळात सर्वांत जास्त नुकसान होते ते मध्येच छाटणी केल्यामुळे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

आधी विषाबद्दल

हे धोत्र्याच्या कुळातले झाड आहे आणि पान, फूल, बी, मूळ, चीक असे त्याचे सगळे भाग विषारी आहेत. त्यात स्कोपोलामाइन, हायोसायमीन आणि अ‍ॅट्रोपिन ही द्रव्ये असतात. पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद चालते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि जीवावरही बेतू शकते. अशी शंका आली तर घरगुती उपाय न करता, झाडाची फांदी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

रोजच्या कामात पाळायच्या गोष्टी अशा: छाटणी, पुनर्लावणी आणि बी काढताना हातमोजे घाला. चिकाचा हात डोळ्याला लागला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसू शकते. छाटलेल्या फांद्या जाळू नका, गुरांच्या किंवा शेळ्यांच्या वाटेवर टाकू नका. घरात रांगते मूल असेल किंवा कुत्र्याला पाने चावायची सवय असेल, तर हे झाड काही वर्षे लावू नये हेच बरे. महाशिवरात्रीला धोत्र्याची फुले-फळे घरात येतात, म्हणून हेही निरुपद्रवी असेल असा समज होतो. धोत्राही विषारीच आहे आणि हेही.

बी निवडताना

महाराष्ट्रातल्या हवेत सुआव्हिओलेन्स, व्हर्सिकलर, ऑरिया या ब्रुगमॅन्सियाच्या जाती आणि त्यांचे संकर चांगले येतात. सुआव्हिओलेन्स सर्वांत सोशिक, पहिल्या प्रयत्नाला तीच घ्यावी. लाल-पिवळ्या फुलांची सँग्विनिया फोटोत मोहात पाडते, पण ती उंच डोंगरातल्या थंड रात्रींची जात आहे. पुण्याचा एप्रिलसुद्धा तिला झेपत नाही. आर्बोरिया आणि व्हल्कॅनिकोलाचीही तीच गत.

ऑनलाइन ‘एंजल्स ट्रंपेट’ म्हणून विकले जाणारे बी पुष्कळदा साध्या धोत्र्याचे असते. ओळखणे अवघड नाही. धोत्र्याचे बी चपटे, कानाच्या आकाराचे, ४-५ मिलिमीटरचे. सुआव्हिओलेन्स किंवा व्हर्सिकलरचे बी त्याच्या जवळजवळ दुप्पट, पाचरीसारखे कोनदार, वजनाला हलके आणि वरून खडबडीत बुचासारख्या सालीने झाकलेले असते. झाड वाढल्यावर तर गोंधळच नको: धोत्र्याचे फूल वर किंवा तिरके पाहते आणि फळाला काटे किंवा गाठी असतात. ब्रुगमॅन्सियाचे फूल लोंबते आणि फळ गुळगुळीत असते.

बी शक्य तितके ताजे हवे. वर्षाच्या आतले असेल तर उगवण समाधानकारक मिळते. जुन्यात ती घसरत जाते.

पेरणीची वेळ

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात जानेवारीअखेर ते फेब्रुवारी ही वेळ उत्तम. कडक उन्हाळ्याआधी रोप उभे राहते आणि पावसाळ्याची पूर्ण वाढ त्याला मिळते. कोकण आणि गोव्यात हिवाळा सौम्य असल्यामुळे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पेरा. विदर्भ-मराठवाड्यात सप्टेंबर बरा, म्हणजे मे महिन्याच्या झळांपर्यंत रोपाच्या मुळ्या कुंडीत नीट बसलेल्या असतात. तिथे फेब्रुवारीत पेरले तर कोवळे रोप थेट ४२ अंशांच्या तोंडी जाते.

पेरणी

बी कोमट पाण्यात २४ तास भिजवा. बुचासारखी साल हवा धरून ठेवते, त्यामुळे बिया तरंगतात. तरंगते म्हणून फेकू नका. दुसऱ्या दिवशी साल मऊ झालेली असते. नखाने किंवा बोथट चिमट्याने कडेने सोलली की आत लहानसे तपकिरी बी निघते. साल काढली तर उगवण लवकर आणि एकसारखी होते. ओली साल राहिली तर तिच्यावर बुरशी धरते, म्हणून हे किचकट काम करण्यासारखे आहे. सुटत नसेल तर ओढाताण न करता आणखी १२ तास भिजवा. आतले बी चिरडले की संपले.

माध्यम हलके हवे: धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) समसमान. परलाईट नसेल तर जाड धुतलेली वाळू चालेल. या टप्प्यावर शेणखत किंवा गांडूळखत अजिबात नको, त्यात बुरशी आणि चिलटे दोन्ही वाढतात. कोकोपीट दोन-तीन पाणी बदलून धुवा, कारण त्यात मीठ असते.

३ इंची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेले कागदी कप घ्या. प्रत्येकात एक बी, १ सेंटीमीटर खोल. माध्यम मुठीत दाबल्यावर एखादा थेंब सुटेल इतकेच ओले असावे. वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक पिशवी सैल घाला आणि रोज थोडा वेळ उघडून हवा द्या. तापमान २० ते २५ अंश असावे. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा १० च्या आसपास जातो, तेव्हा कप घरात ठेवा. थेट ऊन नको, उजेड भरपूर हवा.

साल काढलेले बी साधारण १० ते २० दिवसांत वर येते, सालीसकट पेरलेल्याला महिनाही लागतो. ६ आठवड्यांपर्यंत कप टाकून देऊ नका. एकाच दिवशी पेरलेल्या बियांत १५-२० दिवसांचे अंतर पडणे नेहमीचे आहे.

कोवळे रोप

झाकण काढायची वेळ म्हणजे दोन्ही बीजपत्रे, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, पूर्ण उलगडली ती. त्याहून उशीर केला तर खोड जमिनीलगत काळे आणि बारीक होऊन रोप आडवे पडते. ही कोलमड. एकदा पडलेले रोप वाचत नाही, शेजारचे वाचवता येते: वरून पाणी घालणे बंद करा, कप पाण्याच्या ताटलीत १० मिनिटे ठेवून खालून ओलावा द्या आणि ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी लिटरला ५ ग्रॅम कालवून एकदा ओता.

खरी पाने ४ झाली की सकाळचे कोवळे ऊन द्या, पहिल्या आठवड्यात तासभर, मग हळूहळू तीन-चार तास. याच वेळी १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पुढे कुंडी टप्प्याटप्प्याने वाढवा: ३ इंचीतून ६ इंचीत, मग १० इंचीत आणि शेवटी १६ ते १८ इंचीत. लहान रोप थेट मोठ्या कुंडीत लावले की मुळ्यांना न पोहोचणारी माती आठवडाभर ओलीच राहते आणि मुळे कुजतात. तळाच्या भोकातून पांढऱ्या मुळ्या डोकावल्या की पुढच्या कुंडीची वेळ झाली. मुळ्यांचा गोळा न फोडता तसाच उचला.

मोठ्या कुंडीचे मिश्रण: ४ भाग बागेची माती, ३ भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग कोकोपीट, १ भाग परलाईट किंवा जाड वाळू आणि १६ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. काळी चिकण माती असेल तर तिचे प्रमाण निम्मे करून पोयटा आणि वाळू वाढवा. तळाला किमान पाच-सहा भोके हवीत आणि कुंडी विटांवर उचललेली हवी.

जमिनीत लावायचे असल्यास २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा, भिंतीपासून ३ फूट दूर. काळ्या जमिनीत वाफा फूटभर उंच करा, नाहीतर जुलैतच मुळे सडतात. जागा अशी हवी की सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. वाऱ्याच्या तोंडावरची गच्ची टाळा, मोठी पाने फाटून चिंध्या होतात.

बेचक्यापर्यंतचा प्रवास

बियांपासून आलेले झाड आधी एकच सरळ खोड वाढवते. कंबरेएवढी किंवा त्याहून जास्त उंची झाली, साधारण १ ते दीड मीटर, की शेंडा दोन फांद्यांत विभागून इंग्रजी वाय अक्षरासारखे बेचके तयार होते. फुले फक्त या बेचक्यापासून वरच्या भागात येतात. खाली कितीही दाट फुटवे आले तरी त्यांवर कळी धरत नाही, कारण तो झाडाचा केवळ वाढीचा भाग आहे.

म्हणूनच जास्वंदाला किंवा शेवंतीला लावतो तसा ‘शेंडा खुडा, झाड डेरेदार होईल’ हा नियम इथे लावू नका. बेचक्याआधी शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, प्रत्येक फूट पुन्हा पहिल्यापासून उंच होत जाते आणि बेचके सहा-आठ महिने पुढे ढकलले जाते. या काळात कात्री फक्त दोन कामांसाठी: रोगट पान काढायला आणि जमिनीजवळून निघणारी फूट तोडायला. एकाच खोडाचे छोटे झाड हवे असेल तर त्या फुटी कोवळ्या असतानाच काढा. झुडूप हवे असेल तर एक-दोन ठेवा.

बेचके आले की नाही हे उंच, पानांनी भरलेल्या झाडात पटकन कळत नाही. तेव्हा पान उलटे करून देठाजवळ पाहा. खालच्या भागातल्या पानात पाते दोन्ही बाजूंनी देठाला जवळजवळ एकाच जागी मिळते. बेचक्याच्या वरच्या पानात एक बाजू थोडी खाली आणि दुसरी थोडी वर मिळते, म्हणजे तळ तिरपा असतो. अशी तिरप्या तळाची पाने दिसू लागली की झाड फुलण्याच्या वयात आले.

बेचक्यात नेमक्या मध्यावर पहिली कळी येते आणि ती बहुधा गळून पडते. त्याने काहीच बिघडत नाही. दोन्ही फांद्या पुढे पुन्हा दुभंगतात, प्रत्येक दुभंगात नवी कळी येते आणि खरा बहर तिथून सुरू होतो. याच सुमारास खोडाला भक्कम बांबू बांधा. दोरी आठच्या आकड्यासारखी सैल घाला, कारण खोड भराभर जाड होते आणि आवळलेली दोरी सालीत रुतते.

पाणी आणि खत

या झाडाची भूक मोठी आहे. बेचक्यापर्यंत १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, १६ इंची कुंडीला २ लिटर द्रावण. बेचके दिसल्यावर एक आठवडा हे आणि पुढच्या आठवड्यात १३:०:४५ हे पालाश जास्त असलेले खत, तेही लिटरला २ ग्रॅम. नुसते युरियासारखे नत्र देत राहिलात तर पाने सुपाएवढी होतात आणि कळ्या येत नाहीत. सेंद्रियच करायचे असेल तर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. झाड वाढेल, पण कुंडीतला बहर विद्राव्य खताइतका भरघोस मिळत नाही. कोरड्या मातीत खताचे पाणी कधीच ओतू नका, आधी साधे पाणी द्या. मुसळधार पावसात खत वाहून जाते, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा द्या.

पानांचा रंग वाचता आला पाहिजे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. एप्सम सॉल्ट लिटरला २ ग्रॅम, १५ दिवसांच्या अंतराने दोनदा मुळाशी घाला. हीच खूण शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होते. तिथे चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) लिटरला अर्धा ग्रॅम फवारा.

उन्हाळ्यात कुंडीला रोज, मोठ्या झाडाला कधी सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. पण दुपारी दोनला पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. पाने मोठी असल्यामुळे ओल्या मातीतही ती दुपारी माना टाकतात आणि सूर्य कलल्यावर सावरतात. बोट दोन पेरे मातीत घाला, कोरडे लागले तरच पाणी. सकाळीसुद्धा पाने मलूल आणि माती ओली असेल तर मुळे कुजू लागली आहेत. झाड काढून काळ्या मऊ मुळ्या कापा, कोरड्या ताज्या मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि सावलीत ठेवा.

बहर

रात्री थंड होऊ लागल्या की कळ्या धरतात. पुण्या-नाशिककडे त्यामुळे चांगला बहर पावसाळ्याअखेरपासून हिवाळ्यापर्यंत येतो, एप्रिल-मेमध्ये झाड थबकते. कोकणात रात्री उबदार राहतात, तिथे बहर उशिरा आणि थोडा विरळ.

कळी आधी हिरव्या म्यानात असते. म्यान उघडून पाकळ्यांची गुंडाळी बाहेर येते, रोज लांबते आणि सायंकाळी उलगडते. सुवास अंधार पडल्यावरच खरा जाणवतो, कारण रानात या जातींचे परागीकरण रात्री उडणारे मोठे पतंग करायचे. व्हर्सिकलरचे फूल पांढरे उमलते आणि एक-दोन दिवसांत जर्दाळूच्या रंगाकडे वळते, तेव्हा पहिल्या संध्याकाळी रंग पाहून बी फसवे निघाले असे ठरवू नका. एक फूल चार-पाच दिवस टिकते. झाड लाटांनी फुलते: एक भर ओसरला की चार-सहा आठवडे शांत, मग पुढचा.

कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर क्रमाने तपासा: एखादा दिवस माती पूर्ण सुकली का, कुंडीची जागा बदलली का, दिवसाचे तापमान ३५ च्या वर आहे का आणि पानांखाली लाल कोळी आहे का. बहुतेक वेळा पहिले किंवा शेवटचे कारण निघते.

कीड आणि रोग

लाल कोळी हा याचा पहिला शत्रू. फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात पानावर बारीक फिकट ठिपके पडतात आणि पानाखाली धुळीसारखे जाळे दिसते. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके त्यावर चालत नाहीत, उलट त्याची संख्या वाढू शकते. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ मिली प्रति लिटर, सूर्यास्तानंतर, ५ दिवसांच्या अंतराने तीनदा. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅमही चांगले काम करते, पण तापमान ३२ च्या वर असताना ते पाने जाळते. तेलाची फवारणी आणि गंधक यांत किमान १५ दिवसांचे अंतर ठेवा.

शेंड्याची पाने मिरचीच्या चुरडा-मुरड्यासारखी आखडली, तर तो डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी असण्याची शक्यता जास्त. त्यावरही गंधकच. पांढरी माशी आणि मावा यांना निंबोळी तेल पुरते. पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यात बसतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पावसाळ्यात एका रात्रीत अर्धे पान गायब झाले तर शेपटाशी काटा असलेली जाडजूड अळी किंवा गोगलगाय शोधा आणि हाताने वेचा.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या शेजारी हे झाड लावू नका. एकाच कुळातले असल्यामुळे कीड आणि विषाणू दोन्ही इकडून तिकडे जातात. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी आणि वेडीवाकडी वाढ दिसली तर तो विषाणू आहे, त्याला औषध नाही. झाड उपटून कचऱ्यात द्या आणि कात्री स्पिरिटने पुसा.

छाटणी, नवी रोपे आणि पुढचे बी

बहर संपल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, बेचक्याच्या वर दोन-तीन दुभंग शिल्लक ठेवून छाटा. बेचक्याखाली कापले तर झाड मरत नाही, पण सारा प्रवास पुन्हा करते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीत दव गोठते. अशा ठिकाणी बुंध्याभोवती वीतभर पालापाचोळा घाला, वरच्या फांद्या करपल्या तरी बुंध्यातून फूट येते. बर्फ पडणाऱ्या देशात राहत असाल तर कुंडी ५ ते १० अंशांच्या खोलीत, पाने झडली तरी चालतील, अगदी थोड्या पाण्यावर ठेवता येते.

आवडलेल्या रंगाचे झाड वाढवायचे तर छाटलेल्या फांद्यांचे १५-२० सेंटीमीटरचे तुकडे ओल्या कोकोपीटमध्ये खोचा. दोन ते चार आठवड्यांत मुळ्या येतात. बेचक्यावरच्या फांदीचे रोप बुटके असतानाच, पुष्कळदा त्याच वर्षी फुलते.

बी धरायचे असेल तर एक झाड पुरत नाही. बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत आणि एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली दहा रोपेसुद्धा इथे एकच झाड ठरतात. बियांपासून निदान दोन रोपे वाढवण्याचा हाही एक फायदा. उमलल्याच्या पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी एका झाडाचा पराग कोरड्या ब्रशने दुसऱ्याच्या फुलातल्या मधल्या लांब दांड्याच्या टोकावर लावा आणि देठाला दोरा बांधून तारीख लिहा. फूल गळूनही मागचा हिरवा भाग टिकला आणि फुगू लागला तर फळ धरले. ते पिकायला ४ ते ६ महिने लागतात. फळ सुरकुतून तपकिरी होऊ लागले की हातमोजे घालून काढा, बिया सावलीत आठवडाभर सुकवा, कागदी पाकिटात जातीचे नाव आणि ‘विषारी’ असे ठळक लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पुढच्या पेरणीला वापरा.